दुपट्याचं वजन वजा करून

पुण्याहून प्रुफं आली त्या दिवशी नलूला ती उघडून पाहायलाही सवड झाली नाही. टपालवाल्यानं जाड खाकी पाकीट हातात ठेवलं तेव्हा तिच्या कडेवर पाच महिन्यांचं लेकरू होतं, स्टोव्हवर दूध उतू जायच्या बेतात होतं आणि दवाखान्यात टोचणीसाठी रांग लावायला सासूबाई केव्हाच्या चपला घालून दारात उभ्या होत्या. तिनं पाकीट फडताळात तुरीच्या डाळीच्या डब्यावर ठेवलं, दूध उतरवलं, लेकराला पदराआड घेतलं आणि मनात म्हणाली, रात्री पाहू. बाळंतपणापासून ती सगळंच रात्रीवर टाकत आली होती, आणि रात्र आली की उशीला डोकं टेकण्यापलीकडे तिच्यानं काही होत नव्हतं.

पाकिटात काय आहे ते मात्र तिला ठाऊक होतं. पुण्याच्या एका संशोधन त्रैमासिकानं स्वीकारलेला लेख, आणि त्या लेखाच्या माथ्यावर दोन नावं. पहिलं रूपराव भोयर सरांचं, दुसरं तिचं. नलूचं नाव लग्नाच्या पत्रिकेखेरीज कुठं छापून आलेलं नव्हतं.

भोयर सर वर्ध्याच्या कॉलेजात, जिथं नलू तात्पुरत्या जागेवर शिकवायची, तिथं तिचे विभागप्रमुख. तिला एम.ए.ला बस म्हणून मागे लागणारे तेच, आणि लग्नानंतर तिच्या सासऱ्यांच्या ओसरीवर बसून, चार कप चहा पिऊन, "पोरगी घरात बसवाल त माझ्या डिपार्टमेंटचं नुकसान होईन" असं सांगणारेही तेच. त्यांनी काम काढलं होतं ते साधं होतं. ज्वारी नि मूग भाजून दळायचे, त्यात शेंगदाण्याचं कूट नि गूळ घालून पीठ करायचं, आणि केळझरच्या पलीकडच्या एका वस्तीत वरणभाताला लागलेल्या लहान लेकरांना ते रोज मिळेल असं पाहायचं. जामच्या बाजूच्या दुसऱ्या गावात पीठ द्यायचं नाही, नुसतं वजन करायचं. वैशाखात एकदा, पौषात एकदा. शेवटी ताडून पाहायचं.

ताडून पाहिलं तर केळझरकडची लेकरं सरासरी पाव किलोनं वरचढ निघाली. पाव किलो म्हटलं की साखरेची पुडी डोळ्यापुढे येते. पण दीड वर्षाच्या लेकराच्या अंगावर तेवढं मांस ज्यादा चढणं म्हणजे काय, ते त्या आयाच जाणोत. सरांनी आकडे पाहिले तेव्हा चष्मा काढून डोळे चोळले होते. जिल्ह्याच्या साहेबांपर्यंत बातमी गेली. बालवाड्यांत दुधाची भुकटी कधी यायची, कधी नाही यायची. लेख छापून आला की भुकटी बंद करून हे पीठच सुरू करू, असं साहेबांनी बोलून दाखवलं. आणि सर नलूला म्हणाले होते, "लेख आला की तुझी जागा पक्की. तात्पुरती, तात्पुरती म्हणून किती वर्षं काढशील?"

तर असं ते पाकीट डाळीच्या डब्यावर होतं आणि नलू दवाखान्यात.

सासूबाई, आनंदाबाई, दवाखान्यात शिरल्या की नलूची लेकरावरची सत्ता संपायची. लेकराला दुपट्यात गुंडाळून त्याच रांगेत उभ्या राहायच्या, त्याच काट्यावर ठेवायच्या. सिस्टरनं काट्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"अरे वा. बाळसं चांगलं धरून राह्यला हा. काय देता बाई याले?"

"आईचं दूध अन् आजीचा मार," आनंदाबाई म्हणाल्या.

रांगेतल्या बाया हसल्या. नलूलाही आतून गुदगुल्या झाल्या. टोचून झालं, पोरगा रडून रडून थकला, आणि घरी आल्यावर नलूनं त्याला खाली ठेवून दुपटं सोडलं तर पाठीखालून अडकित्ता निघाला. चांगला जाडजूड, सासऱ्यांचा, पितळी कडीचा.

"आत्याबाई, हे काय?"

"काय म्हंजे? अडकित्ता."

"ते दिसते मले. इथी काऊन?"

आनंदाबाई पाय पसरून बसल्या होत्या. त्यांना ह्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. "तोलाले नेलं होतं ना. तोलल्या लेकराले नजर लागते. लोखंड असलं म्हंजे काट्यावर लेकरू एकटं नसते."

"अन् सिस्टरनं लिहिलं ते वजन?"

"लिहू दे ना. जास्तच लिहिलं, कमी त नाई लिहिलं."

नलू हसली. हसता हसता तिनं अडकित्ता उचलून बाजूला ठेवायला हातात घेतला, आणि तो हात तसाच राहिला. पाव किलो. साखरेची पुडी.

तिच्या डोळ्यांपुढे केळझरपलीकडचं ते अंगण आलं. पौषाची थंडी, उन्हाची तिरीप, नि निंबाच्या फांदीला लटकवलेला काटा. काट्याखाली कापडी झोळी. वैशाखात लेकरं उघडीनागडी तोलली होती. पौषात कोण आई लेकराला उघडं करणार? म्हणून सरांनीच सांगितलं होतं, दुपट्यासकट तोला, मग नुसतं दुपटं तोला, आणि वजा करा. बरोबर पद्धत. पण नलूला तेव्हा सातवा महिना होता. तिला वाकवत नव्हतं. ती खुर्चीवर बसून काटा वाचायची नि लिहायची. लेकराला झोळीतून काढायचं, दुपटं सोडायचं, झटकायचं आणि तिच्या हातात द्यायचं, हे सगळं त्या त्या आया करायच्या. पाठ फिरवून करायच्या. दुपटं हातात यायचं ते नुसतं कापड.

त्या रात्री तिनं प्रुफं पाहिली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं कॉलेजातून सुट्टी घेतली, लेकराला पाठुंगळी नव्हे तर पोटाशी बांधलं, कारण त्याला दर थोड्या वेळानं पाजावं लागे, आणि केळझरची एस.टी. धरली. केळझरला गणपतीच्या फाट्यावर उतरून पुढे पांदणीनं चालायचं. चिखल होता. एका हातानं लेकराचं डोकं आणि दुसऱ्यानं लुगड्याच्या निऱ्या सांभाळत ती चालली. वाटेत तिनं स्वतःला दोनदा सांगितलं की असं काही नसेल, सगळ्याच आया काही आनंदाबाई नसतात. आणि दोन्ही वेळा तिला ते खरं वाटलं नाही.

कोकिळा वाडीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, काढत होती. ही वस्तीतली तिची पहिली ओळखीची बाई. केळझरच्या बाजारात वांगी नि सांभार विकायची, तोंडाची तिखट, मनाची मोकळी. नलूला पाहून तिनं जुड्या टाकल्या नि धावत आली.

"व माय. मोकळी झाली तू. पोरगा का पोरगी? दे इकडे. थकली दिसतं. अंगावर काईच नाई राह्यलं तुह्या, सगळं यानंच ओढून घेतलं काय?"

लेकरू कोकिळाच्या मांडीवर गेलं, नलू बांधावर टेकली. पाणी आलं, गुळाचा खडा आला. मग नलूनं विषय काढला. आडून आडून काढायचं तिनं बसमध्ये ठरवलं होतं, पण थकलेल्या माणसाला आडून बोलणं जमत नाही.

"कोकिळाबाई, पौषात लेकरं तोलली तवा तुम्ही दुपट्यात लोखंड ठेवलं होतं काय?"

कोकिळा लेकराच्या हाताची बोटं मोजल्यासारखं करत राहिली. "मी कायले ठेवू?"

"तसं नाई. राग नाई माझा. माह्या सासूनं परवा याच्याही दुपट्यात ठेवलं."

"शहाणी आहे तुही सासू."

"मग तुम्ही?"

"मी नाई बाप्पा," कोकिळा म्हणाली. "गोपिकानं ठेवलं असन. तिच्या पोराच्या पाठीखाली बैलाची नाल होती. मी पाह्यली ना."

गोपिका पलीकडच्या वाफ्यात वांगी तोडत होती. तिला हाक गेली. ती पदरानं तोंड पुसत आली, सगळं ऐकलं, आणि म्हणाली, "मी काऊन ठेवू? हेच ठेवे. हिच्या सासऱ्याचा अडकित्ता होता. सासरा दिवसभर सुपारी शोधे का अडकित्ता शोधे तेच समजे ना."

"खोटारडी," कोकिळा म्हणाली, पण हसायला लागली.

नलू वस्तीत गेली. चार घरं फिरली. प्रत्येक घरात तिला तेच मिळालं. स्वतःच्या लेकराच्या दुपट्यात कोणीच काही ठेवलं नव्हतं. शेजारणीनं मात्र ठेवलं होतं. कोणी विळ्याचं पातं, कोणी कुलूप, कोणी वखराच्या मोडक्या पासेचा तुकडा. ठेवलं असं तोंडानं कबूल केलं की त्याचा गुण जातो, हे तिला एका म्हातारीनं दारातच समजावून सांगितलं. म्हणजे हे असं होतं: साक्षी सगळ्या होत्या, कबुली एकीचीही नव्हती, आणि कोणाच्या दुपट्यात किती भार होता ते आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"पण वैशाखात त नव्हतं ठेवलं," नलू परत कोकिळाजवळ येऊन म्हणाली. "तवा त लेकरं उघडी होती. मग पौषातच काऊन?"

आता कोकिळा हसली नाही. तिनं गोपिकाकडे पाहिलं.

"मधात रंभाची पोरगी गेली ना."

नलूला ते माहीत होतं. भादव्यात वस्तीत हगवणीची साथ आली होती, रंभाची पोरगी त्यात दगावली. नलूनं तिच्या नावापुढे रेघ ओढली होती आणि त्या रात्री जेवली नव्हती.

"तिचं वजन सगळ्यात जास्त आलं होतं वैशाखात," गोपिका म्हणाली. "तूच म्हणालती, ही पहिली आली. सगळ्याईनं ऐकलं. मग लोक बोलले, काट्यानं खाल्ली."

"मले कोणी सांगतलं नाई."

"तुले कसं सांगाव?" कोकिळा म्हणाली. "पोटुशी बाई तू. पोटुशीले अशी गोठ सांगते काय कोणी?"

"मग तोलू द्यायचं नव्हतं. नाई म्हणायचं होतं."

"व माय, पोटुशी दारात आली, हात पसरला, अन् तिले खाली हातानं वापस पाठवाव? पाप लागते. तुह्याच लेकराले लागलं असतं ते." कोकिळानं मांडीवरच्या पोराची टाळू हुंगली. "म्हून तोलू बी दिलं अन् लोखंड बी ठेवलं. तुहं बी राह्यलं, आमचं बी राह्यलं. काय वाईट केलं?"

नलूला वाटलं, आपण ह्या बांधावरच आडवं व्हावं. जामकडच्या गावात कोणतं लेकरू गेलं नव्हतं, तिथं कोणाला लोखंड ठेवायची गरज पडली नव्हती. पिठाच्या वस्तीत लोखंड आणि बिनपिठाच्या गावात नुसती दुपटी. पाव किलोतलं पीठ किती नि लोखंड किती? कदाचित सगळंच लोखंड. हा सगळा घोटाळा तिच्यावरच्या मायेपायी झाला होता, आणि तो निस्तरायला रागावण्याजोगं माणूसही कोणी नव्हतं.

निघताना कोकिळानं तिच्या पिशवीत सांभाराच्या जुड्या नि वांगी कोंबली. "येजो पुन्हा. काटा नोको आणजो."

भोयर सरांच्या घरी ती रविवारी सकाळी गेली. सर बनियनवर, वर्तमानपत्र पुढ्यात. तिनं सगळं सांगितलं. बोलून झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"कबूल कोणी केलं?"

"कोणीच नाही सर."

"वजनाचा पुरावा?"

"नाही."

"मग हे संशोधन आहे का बायकांच्या गोष्टी?"

"सर, दुपटं सोडताना मी वाकू शकले असते तर—"

"तुझा दोष नाही," सर लगेच म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं हे नलूला कळलं. म्हणूनच पुढचं ऐकणं जड गेलं. "हे बघ. दहा टक्के चूक सगळ्याच काट्यांत धरतात. लेख स्वीकारला गेला, जाणत्यांनी तपासला. आपण प्रुफं परत करायची नि गप्प राहायचं. फार तर खाली एक टीप टाकू, लहान अक्षरात. स्थानिक चालीरीतींमुळे वजनात किंचित फरक संभवतो."

"किंचित नाही सर. अख्खा फरक तोच असेल. अन् साहेब त्यावर भुकटी बंद करणार."

"भुकटी तशी कुठं धड येते?"

"येते तेव्हा लेकरं पितात."

सर उठले, खिडकीशी गेले. पाठमोरे ते एकाएकी म्हातारे दिसले. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्याच्या वावरात राबून त्यांना शिकवलं होतं, हे ते वर्गात कधी सांगत नसत, पण विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा हा लेख कित्येक वर्षांनी येत होता. वरच्या लोकांनी विचारलं होतं, तुमच्या विभागातून काय निघते? आणि त्यांनी सांगितलं होतं, थांबा, निघते.

"तुला बोचत असेल तर एक मार्ग आहे," ते खिडकीकडेच पाहत म्हणाले. "तुझं नाव काढतो. प्रुफांतच खोडून पाठवतो. उद्या काही निघालं तर तुझ्यावर काही नाही. तू मोकळी. जागेचं मग मला काही बोलता येणार नाही, पण मोकळी."

नलू घरी आली ती जवळजवळ हलकी होऊन. नवरा, चंद्रभान, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. तो नळाखाली सायकल धूत होता. त्यानं ऐकलं नि म्हणाला, "काढतो म्हणतात त काढू दे. तुहं पाप तुह्यापाशी नाई राहत. अजून काय पाह्यजे?"

खरंच, अजून काय पाहिजे? दोन दिवस ती ह्याच वाक्यावर जगली. भाकरी थापताना, लंगोट पिळताना, वर्गात शिकवताना तिला सुटल्यासारखं वाटत होतं. नाव नाही, म्हणजे आपण नाही. मग मंगळवारी दुपारी, लेकरू पाजता पाजता झोपलं नि तोंडातून दूध ओघळलं ते ती पदरानं टिपत होती तेव्हा, तिला सरळ समजलं की नाव काढल्यानं धुतले जातील ते फक्त तिचे हात. आकडे तिथंच राहतील. कोणत्याशा बालवाडीत कोणतंसं लेकरू वाटी पुढे करेल नि त्यात पीठ पडेल, दूध नाही. आणि आपण मोकळ्या. शिवाय एकदा नाव काढलं की मग आपण कोण? वर्ध्याची कोणी एक बाई. तिनं पुण्याला लिहिलं काय, न लिहिलं काय, संपादक कशाला वाचेल? ज्याचं नाव लेखावर आहे त्यालाच लेख खोटा म्हणायचा हक्क. सरांनी मायेनं जो मार्ग दाखवला होता त्यानं तिचं तोंड कायमचं बंद होणार होतं.

लेकराला तिनं हळूच खाली ठेवलं. ते जागं होईपर्यंत जेवढा वेळ होता तेवढ्यात तिनं पत्र लिहिलं. इंग्रजीत, जमेल तसं. अमुक लेखाची दुसरी लेखिका मी. वजनं मी केली, चूक माझी एकटीची. दुपट्याचं वजन वजा केलं, पण दुपट्यात जे होतं ते आईनं आधीच काढून घेतलेलं होतं. का ते लिहिलं; रंभाचं नाव न घेता तिच्या पोरीचं लिहिलं. किती भार ते सांगता येत नाही, म्हणून आकडे दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून लेख छापू नये. बायांनी फसवलं असं कोणी समजू नये म्हणून तिनं एक वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं. लेकरू रडायला लागलं तेव्हा सही राहिली होती. ती तिनं एका हातानं केली.

पत्र सरांना न दाखवता टाकणं तिच्या जिवाला बरं वाटेना. त्यांच्या पाठीमागे केलं असं होऊ नये. बुधवारी ती विभागात गेली, पत्र टेबलावर ठेवलं.

सर वाचत होते तोवर ती उभीच होती. बाहेर पोरं सायकलींवर बसून गप्पा हाणत होती. सरांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग त्यांचा हात, त्यांच्याही नकळत असावा, खिशातल्या लाल पेनाकडे गेला. त्यांनी एका ठिकाणी स्पेलिंग नीट केलं. एका वाक्यातला 'प्रॉबेबली' खोडला.

"तुला खात्री आहे की नाही?"

"आहे सर."

"मग हा शब्द कशाला? शंका घेऊन लिहिलेलं पत्र संपादक कचऱ्यात टाकतो. एक बाजू धर." त्यांनी आणखी एक ओळ वाचली. "अन् ही चूक फक्त तुझी असं काऊन लिहिलं? दुपट्यासकट तोला म्हणून कोणी सांगतलं होतं?"



सरांनी ती ओळ खोडली नाही, बदललीही नाही. पेनाला टोपण लावलं. "मी सही करत नाही, नलू. माझ्यानं होणार नाही. कोणत्या तोंडानं वर जाऊ?" त्यांनी पत्र तिच्याकडे सरकवलं. "पण अडवतही नाही. पक्कं लिहून काढ नि टाक. प्रुफं मी पाठवलेली नाहीत अजून."

"माझं नाव?"

"राहू देतो. तुला लागेल ना ते." आणि ते वहीत मान घालून काहीतरी लिहू लागले, ती जाईपर्यंत वर न पाहता.

तिनं पत्र पक्कं लिहून काढलं. सरांनी न खोडलेली ती ओळही तशीच ठेवली, कारण चुकीत सरांचाही वाटा असं लिहिलं असतं तर त्यांची कबुली तिनंच दिल्यासारखं झालं असतं. लेकराला घेऊन टपाल कार्यालयात गेली, रजिस्टर करून आली.

त्यानंतर काही घडलं नाही असे बरेच दिवस गेले. सर विभागात बोलत, पण कामापुरतं. आधी चहाला हाक मारायचे, ती हाक बंद झाली. मार्चात वरून यादी आली, तात्पुरत्यांपैकी जे पुढच्या वर्षी राहणार त्यांची. नलूचं नाव नव्हतं. सर त्या दिवशी सुट्टीवर होते. चंद्रभान म्हणाला, "होईन काही," आणि सायकलीला तेल देत बसला. तो तिला बोलला नाही, आणि न बोलण्याबद्दल तिला त्याचे उपकार वाटले, आणि उपकार वाटावे लागतात ह्याचा शीणही वाटला.

बालवाड्यांत मधूनमधून भुकटी येत होती. एकदा ती बाजाराच्या वाटेनं जात असताना एका बालवाडीच्या ओट्यावर लेकरं ओळीनं बसलेली दिसली, वरच्या ओठांवर पांढऱ्या मिशा. ती तिथं थांबली नाही. तिच्या हातात पिशवी होती, कडेवर वर्षाचं झालेलं पोरगं होतं नि घरी कणीक भिजवायची होती.

पुण्याचं उत्तर त्यानंतर आलं. पातळ पाकीट, एकच कागद. संपादकांनी लिहिलं होतं की दोन्ही लेखकांचं एकमत कळेपर्यंत लेख स्थगित ठेवला आहे, भोयरांना दोन पत्रं घातली, त्यांचं उत्तर नाही. तेव्हा लेख आता छापला जाणार नाही. खाली हातानं एक ओळ होती. असं पत्र आपल्याकडे आजवर आलं नव्हतं, ते कुठं ठेवावं हे ठरायला वेळ लागला, उशिराबद्दल क्षमा असावी.

नलूनं ते उभ्याउभ्या वाचलं. आनंदाबाई तांदूळ निवडत होत्या. पोरगं त्यांच्या ताटात हात घालून तांदूळ सांडत होतं.

"काय लिहिलं?"

"छापत नाई म्हणते."

"तुहं नाव येणार होतं ते?"

"तेच."

आनंदाबाईंनी पोराचा हात ताटातून काढला. तो पुन्हा गेला, त्यांनी पुन्हा काढला. "मग हे चांगलं झालं का वाईट झालं?"

नलूनं कागदाची घडी घातली. भोयर सरांच्या खिडकीतली पाठ तिला आठवली, आणि ओट्यावरच्या त्या मिशा. "चांगलं झालं, आत्याबाई."

"मग तोंड असं काऊन?"

"झोप नाई झाली."

"कवाची?"

नलू भिंतीला टेकून खाली बसली. आनंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, ताट बाजूला सरकवलं, पोराला उचलून मांडीवर घेतलं नि त्याचं तोंड दुसरीकडे फिरवलं, म्हणजे त्याला आई दिसायला नको.

"पड थोडी," त्या म्हणाल्या. "तांदूळ मी पाहतो. याले बी मीच पाहतो. दिवा लागेपर्यंत उठू नोको."